बाराच्या रकान्यातला अठरा

मोशी, २२ जुलै २०२४

तनुजा,

सौ., चि. की प्रिय, काय लावावं ते ठरेना म्हणून नुसतं नाव लिहिलं. पाच वर्षांत तुझा पत्ता बदलला नसेल असं धरून सांगवीलाच पाठवतेय. फोन केला असता, पण तू उचलला नसतास तर मला वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर काय बोलावं ते सुचलं नसतं. शिवाय वॉर्डात आता कागदाला कोण विचारतंय? तुझ्या कंपनीने टॅबलेट दिल्यापासून ताप-नाडी-श्वासाचे कोरे तक्ते गठ्ठ्याने पडून आहेत. त्यांच्याच पाठीवर लिहितेय.

तर, अभिनंदन. हॉस्पिटलच्या दारात तुझा फोटो लागलाय. कोट घालून, हाताची घडी घालून उभी आहेस. वर लिहिलंय, ‘जागल : पेशंट बिघडण्याआधी सांगणारी यंत्रणा’, आणि खाली तुझं नाव, ‘पूर्वाश्रमीच्या परिचारिका’. जणू तू संन्यास घेतलास आणि आम्ही मागे प्रपंचात राहिलो.

उद्घाटनाला तू येशील असं वाटलं होतं. मी नवी साडी नेसले नव्हते, उगाच समज करून घेऊ नकोस. डायरेक्टर शेखर सरांनी भाषण केलं. आपण नोंदवलेले आकडे म्हणे यंत्र वाचणार, प्रत्येक खाटेला शंभरपैकी एक अंक देणार, आणि पडद्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवणार. माणूस बिघडायच्या पाच-सहा तास आधी. सर म्हणाले, आता अनुभवी नजरेवर अवलंबून राहायची गरज उरली नाही. हे म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या मनात काही नसेल, पण मी अठ्ठावीस वर्षं त्या नजरेचा पगार घेतेय.

तुला आठवतं, तू वॉर्ड चारला आलीस तेव्हा बावीस वर्षांची होतीस आणि सगळ्या पेशंटांचा श्वास ‘अठरा’ लिहायचीस. सगळ्याच सिस्टर लिहितात. नाडीला यंत्र आहे, तापाला यंत्र आहे, श्वास मात्र मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो, आणि बत्तीस खाटांना बत्तीस मिनिटं कुठून आणायची? म्हणून अठरा. पहिल्याच दिवशी मी तुझ्याकडून बत्तीसच्या बत्तीस पुन्हा मोजून घेतले. मनगट नाडी बघितल्यासारखं धरून ठेवायचं आणि गुपचूप छातीकडे बघायचं, नाहीतर माणसाला कळतं आणि तो शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. तू रडलीस. जेवणाच्या सुट्टीत मीच तुला माझ्या डब्यातली भाकरी दिली. हे सगळं तू त्या यंत्राला सांगितलंस का?

तू गेलीस तेव्हा तुझा अनुभवाचा दाखला दोन महिने मॅट्रनकडे अडकून पडला, त्याचं मला वाईट वाटलं होतं. ते तेव्हा बोलायचं राहिलं.

बाकी ठीक. आमच्या सोपानरावांनी कंपनीतून रिटायरमेंट घेतली. आता दिवसभर भाडेकरूंच्या नळाचं पाणी मोजत बसतात.

कुसुमताई


मोशी, ९ सप्टेंबर २०२४

तनुजा,

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. ‘ताई, तुमचं अक्षर बघून रडू आलं’ असं लिहिलंस. रडू येण्याइतकं काय होतं त्यात? पण ते पत्र मी दोनदा वाचलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या आठवड्यात तुझ्या यंत्राने पराक्रम केला. तुझ्यापर्यंत बातमी आलीच असेल, शेखर सरांनी लगेच फोन लावला होता. माझी बाजूही ऐक. चौदा नंबरला चाकणच्या कारखान्यातला एक वेल्डर होता, डेंग्यूचा. ताप उतरला म्हणून घरचे खूश, सकाळचा राऊंड करून गेलेले डॉक्टरही खूश. मला तो आवडला नाही. कारण विचारू नकोस. शेजारच्या खाटेवरचा त्याच्या गाववाल्यांची नक्कल करून दाखवत होता आणि हा बाबा हसत नव्हता. दहाला मी त्याचं बीपी घेतलं. वीस मिनिटांनी पुन्हा घेतलं. अकराला परत. आकडे अजून चांगले होते, पण माझा पाय त्याच्या खाटेपासून हलेना. सगळं टॅबलेटमध्ये टाकत गेले, आता तोच नियम आहे. मी फोन करायला उठणार तेवढ्यात पडद्यावर चौदा नंबर लाल झाला, आणि सगळे धावले.

वाचला तो. चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी त्याच्या भावाने पेढे आणले आणि शेखर सरांनी पहिला पेढा कुठे ठेवला असेल सांग? पडद्याच्या खाली, टेबलावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘जागलने पकडलं’ असं बाहेरच्या बोर्डवर लिहिलं गेलं. त्या पेढ्याला सायंकाळी मुंग्या लागल्या तेव्हा मीच तो उचलून टाकला.

आपल्या भाषेत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो यंत्रावर झाला की तुझ्यावर, ते मला वेगळं करता येईना. घरी येऊन सोपानरावांपुढे बडबडले. ते पाण्याची टाकी धुवत होते. म्हणाले, “येवढी जळतीस व्हय त्या डब्यावर? सवत हाय का तुजी?” मी म्हटलं, सवत परवडली, तिला निदान भांडता येतं.

तू लिहिलंस की जागल आणखी तीन हॉस्पिटलांत चालते, पण आमच्या वॉर्डाइतकी नेमकी कुठेच नाही, आणि त्याचं कारण तुम्हाला सापडत नाही. मग येऊन बघ. वॉर्ड चार तिथेच आहे, जिन्याच्या डाव्या हाताला.

कुसुमताई


मोशी, १८ ऑक्टोबर २०२४

तनुजा,

तू वॉर्डात आलीस, चहा घेतलास, माझ्या पाया पडलीस आणि दीड तासात माझं घर लुटून गेलीस. हे लगेच लिहायला हवं होतं, पण आठ दिवस पेन हातात धरवेना.

तू लॅपटॉप उघडून दाखवलंस तेव्हा माझ्याशेजारी आमचा कुलदीप ब्रदर बसला होता. अंबाजोगाईहून आलेला, सरळ मुलगा आहे, तुझ्यासारखाच चुकतो आणि तुझ्यासारखाच शिकतो. यंत्र कशाकशाकडे बघतं त्याची यादी तू पडद्यावर आणलीस. आम्हाला वाटलं, सगळ्यात वर ताप असेल, नाहीतर नाडी. तिथे निघालं ‘दोन नोंदींमधला वेळ’. कुलदीपला कळलं नाही, तर तू समजावून सांगितलंस. वॉर्ड चारच्या तीन वर्षांच्या फायलींवर यंत्र शिकलं. त्या फायलींमध्ये कुठे चार तासांनी नोंद आहे, तर कुठे वीस-वीस मिनिटांनी. जिथे वीस मिनिटांनी आहे तिथला पेशंट पुढे बिघडतो. म्हणजे आकडे चांगले असतानाही कुणीतरी त्या खाटेपाशी घुटमळत होतं. यंत्राने ते घुटमळणं ओळखलं.

आणि मग तू हसून म्हणालीस, “ताई, ही तुमचीच नजर आहे. आम्ही फक्त ती कॉम्प्युटरमध्ये घातली.”

तुझा चेहरा फुलला होता. मला काहीतरी द्यायला आल्यासारखी बघत होतीस. आधी मलाही छान वाटलं, हे कबूल करते. बसमध्ये एकटीच हसत होते. इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत हसू टिकलं. मग मनात आलं, नजर माझी, तर दारातला फोटो कुणाचा? ते कोट घालून हाताची घडी घालणं कुणाचं? वेल्डर मला आवडला नाही म्हणून मी तीनदा बीपी घेतलं, त्या तीनदा घेण्यावरून यंत्र लाल झालं, आणि पेढा पडद्याला. माझ्याच काळजीची मला बातमी देणारं हे यंत्र, आणि त्याबद्दल मी टाळ्या वाजवायच्या.

कंपनीतल्या लोकांना तू माझं नाव सांगितलंस का, हे विचारायचं होतं. तिथे तोंडातून निघालं नाही. आता विचारते. सांगितलंस का?

कु.


मोशी, २९ नोव्हेंबर २०२४ (पोस्टात टाकलं नाही)

तनुजा,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

गेला महिनाभर मी जास्तीच्या नोंदी टॅबलेटमध्ये टाकत नाही. आठ, बारा, चार, ठरलेल्या वेळेच्या तेवढ्या टाकते. मधल्या घेते, पण चिठ्ठीवर टिपते आणि एप्रनच्या खिशात ठेवते. खात्री पटली की सरळ शेखर सरांना जाऊन सांगते. गेल्या महिन्यात दोनदा असं झालं. दोन्ही वेळा पडदा हिरवा होता आणि दोन्ही वेळा मी बरोबर होते. दुसऱ्या वेळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, “जागल झोपली होती, आमच्या सिस्टर जाग्या होत्या.” तनुजा, मला इतका आनंद झाला की मी लिफ्टमध्ये शिरून वरखाली दोन फेऱ्या मारल्या, कुणाला चेहरा दिसू नये म्हणून.

तुझं यंत्र आता आमच्या वॉर्डातही इतर हॉस्पिटलांसारखंच बेताचं झालंय. तुमच्या मेल येतात, ‘नेमकेपणा घसरला, कारण शोधत आहोत.’ शोधा.

पेशंटला काही धोका नाही. मी असते ना. मी सांगतेच आहे, फक्त तोंडाने सांगते.

आणि एक. तुझा दाखला मॅट्रनकडे अडकला नव्हता. तो सही होऊन माझ्या खणात पडून होता. तू जाशील आणि मोठी होशील, हे मला तेव्हाच दिसलं होतं. त्यालाही कुणी यंत्र लागलं नाही.


मोशी, १५ डिसेंबर २०२४

तनुजा,

कालच्या कार्यक्रमाबद्दल लिहायलाच हवं. मी येणार नव्हते. तुझं निमंत्रण आल्यावर मी सोपानरावांना म्हटलं होतं, चिंचवडपर्यंत धक्के खात जायचं ते तिचं कौतुक बघायला? पण सकाळी निघताना डब्याबरोबर पैठणीची पिशवी घेतली आणि दोन वाजता ड्युटी संपल्यावर वॉर्डातच बदलली. तुझं कौतुक कसं होतं ते बघायचं होतं. तुझं वाईट झालेलं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकं स्पष्ट लिहिते.

मी मागच्या रांगेत बसले होते. तू मला कधी बघितलंस कळलं नाही. बक्षीस हातात घेऊन तू म्हणालीस, हे यंत्र एका बाईकडून शिकलंय, आणि ती बाई या सभागृहात आहे. मग माझं नाव घेतलंस, पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट, आणि उभं राहायला सांगितलंस. मी उभी राहिले. लोक टाळ्या वाजवत होते, माझ्या पुढचा माणूस वळून उभा राहिला, मग त्याची बायको, मग सगळी रांग. मी नमस्कार केला की नाही ते मला आठवत नाही.

तू गर्दीतून खाली आलीस तोवर मी निघून गेले होते. तुला वाटलं असेल, ताई रुसल्या. तसं नव्हतं. फोन बघितला तर वॉर्डातले अकरा मिस्ड कॉल होते. आठ नंबरचा पेशंट संध्याकाळी अचानक खालावला आणि त्याला आयसीयूत हलवला, म्हणून मला जावं लागलं. इतकंच.

तुला आशीर्वाद. साडी छान होती तुझी.

कुसुमताई


मोशी, २६ डिसेंबर २०२४

तनुजा,

या पाकिटात नोव्हेंबरमधलं न पाठवलेलं पत्र ठेवलंय. ते आधी वाच. मग हे.

आठ नंबरचं नाव भैरू. निघोज्याचा. जमीन कंपन्यांत गेल्यावर एका कंपनीच्याच बागेत माळीकाम करायचा, वय अठ्ठावन्न. पायाला जखम, अंगात साखर, आठवडाभर वॉर्डात होता. त्याची बायको आक्काबाई खाटेजवळ बसून असायची. रोज सकाळी तो बिनसाखरेच्या चहावरून माझ्याशी भांडायचा. म्हणायचा, “सिस्टर, ह्ये च्या हाय का पाय धुतल्यालं पानी?” चौदा डिसेंबरला सकाळी त्याने चहा मुकाट्याने घेतला आणि कप परत दिला.

तेवढं मला पुरलं. साडेनऊला मोजला, श्वास बावीस. साडेदहाला चोवीस. साडेअकराला सव्वीस. बाराला अठ्ठावीस, नाडी एकशे बारा. अंग कोमट, बीपी अजून टिकून. जखमेचं विष रक्तात उतरायला लागलं होतं. मला ते तेव्हाच कळलं, जितकं स्वच्छ आज लिहितेय तितकं. चारही नोंदी मी चिठ्ठीवर केल्या.

शेखर सर ऑपरेशनमध्ये होते, तीनपर्यंत सुटणार नव्हते. वॉर्डात दुसरी डॉक्टर होती. तिला सांगता आलं असतं. पण ती लगेच औषध सुरू करणार, आणि सरांच्या कानावर जायचं ते तिच्या तोंडून. मला ते सरांना स्वतः सांगायचं होतं. त्या दिवशी तर फारच. तू तिकडे चिंचवडला बक्षीस घेणार आणि इकडे तुझं यंत्र हिरवं असताना मी माणूस वाचवणार, असं मी मनात मांडून ठेवलं होतं.

आता अडचण होती ती बाराच्या नोंदीची. ती टॅबलेटमध्ये टाकणं भाग होतं. खरे आकडे टाकले असते तर पडदा माझ्याआधी बोलला असता. मी नाडी लिहिली अठ्ठ्याऐंशी. आणि श्वासाच्या रकान्यात लिहिलं अठरा.

हो, अठरा. तुला रडवलं त्यावरून. जन्मात कधी न मोजता लिहिला नव्हता, आणि त्या दिवशी मोजून लिहिला.

दोनला कुलदीपला चार्ज दिला. त्याने खाट आठचं विचारलं. मी म्हटलं, बघून घेतलंय. वाटेत सरांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावेन म्हटलं. मग बस मिळाली, मग सभागृह आलं, मग फोनचा आवाज बंद करा म्हणाले आणि मी केला. चिठ्ठी एप्रनमधून काढून पर्समध्ये ठेवली होती. तू मला उभं केलंस तेव्हा ती पर्स माझ्या खांद्याला होती.

कुलदीपकडे दोन नवे पेशंट आले. पडदा हिरवा, इनचार्ज सिस्टर म्हणालीय बघून घेतलंय, म्हणून भैरूची चारची नोंद त्याने मागे ठेवली. पाचला आक्काबाई किंचाळली. मी पोचले तेव्हा श्वासाची नळी घातलेली होती. एकोणीस तारखेला तो गेला.

तू बावीस तारखेला फोन केलास. पाच वर्षांनी पहिला. म्हणालीस, “ताई, त्या दिवशी तुम्हाला काही वाटलं होतं का? तुमच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून विचारते.” मी म्हटलं, नाही. मग म्हणालीस, तुम्हालाच कळलं नाही तर यंत्राला कुठून कळणार, माझंच काहीतरी चुकलं असेल. तुझा माझ्यावर इतका विश्वास होता की माझं खोटं तू स्वतःच्या माथी घेतलंस. फोन ठेवल्यावर मला कशाचं समाधान वाटलं ते ऐक. आता हे यंत्र बंद होणार, याचं. माणूस मेला होता आणि माझ्या मनात हे होतं.

तेवीसला चौकशी झाली, तू होतीसच. यंत्राने पाच तास हिरवं दाखवलं म्हणून जागल बंद. चारची नोंद नाही म्हणून कुलदीप सस्पेंड. मला कुणी काही विचारलं नाही. उलट मॅट्रन म्हणाल्या, कुसुम असती तर हे झालं नसतं. मला हवं होतं ते सगळं माझ्या ताटात येऊन पडलं, न मागता. दारातला तुझा फोटो त्याच दुपारी उतरवला. खिळे काढायला शिपाई स्टुलावर चढला होता, आणि स्टूल मी धरलं.

घरी आले. जेवण गेलं नाही. सोपानरावांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील जाऊ दे, दोन वर्षं राहिलीत, गप बस. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. म्हणाले, “त्यो कुलदीप आपल्याकं दिवाळीला आलता न्हवं?” एवढंच बोलले आणि उठून गेले.

चोवीसला सकाळी मी चिठ्ठी शेखर सरांच्या टेबलावर ठेवली. चार वेळा, चार आकडे, माझं अक्षर. शेजारी टॅबलेटमधली बाराची नोंद काढून ठेवली. सरांनी दोन्ही कागद तीनदा बघितले. त्यांना वाटलं, माझी गडबडीत चूक झाली, आणि ते मला तसं म्हणू देत होते. “घाईत चुकून पडलं असेल ना, सिस्टर?” असं विचारलं. चुकून म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती, कदाचित पेन्शनही धड राहिली असती. मी सांगितलं, चुकून नाही. लिहून दिलं, तीन पानं. आता नर्सिंग कौन्सिलकडे जाईल, जे व्हायचं ते होईल. कुलदीपला परत घेतलंय. तुझ्या कंपनीला पत्र निघालंय, माझ्या जबाबाची प्रत जोडून. तुमच्या यंत्राने जे वाचलं ते बरोबरच वाचलं होतं. वाचायला दिलेलं खोटं होतं.

मी तुझी माफी मागणार नाही, कारण ती मागितली की तू देशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मग त्याचीही मला असूया वाटेल. अजूनही वाटते, तनुजा. हे लिहिताना वाटतेय. तू उभं राहून सगळ्यांसमोर माझं नाव घेऊ शकलीस. मला अठ्ठावीस वर्षांत कुणाचं असं नाव घेता आलं नाही.

काल निघोज्याला गेले. दुखवट्याचे दिवस, घरात बायका बसलेल्या. आक्काबाईने मला बघून जागा दिली आणि सगळ्यांना सांगू लागली, ह्याच त्या बाई, ह्यांनी लई केलं. “तुमी व्हता तवर समदं नीट व्हतं,” माझा हात धरून म्हणाली, “तुमी गेला आन् इस्कोट झाला.” बायका माझ्याकडे बघून माना डोलावत होत्या. एक म्हातारी तर माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली.

मी म्हटलं, आक्काबाई, मला माहीत होतं.

तिला आधी कळेना. मी सांगितलं, त्यांना जास्त होतंय ते मला दुपारीच समजलं होतं, आणि मी कागदावर खोटं लिहिलं.

“कवा कळलं?”

“बाराच्या आधी.”

तिने माझा हात सोडला नाही. विसरली असेल. मनात बारा ते पाच मोजत असावी. मग अगदी साध्या आवाजात, एखादा पत्ता विचारावा तसं म्हणाली, “मंग कुनाला तरी सांगायचं व्हतं न्हवं, बाई? मला सांगायचं. म्या वरडली असती.”

आणि मग विचारलं, का नाही सांगितलं.

तनुजा, तिथे मी खोटं बोलले नाही. म्हटलं, ते मी ओळखलं, असं मोठ्या डॉक्टरांना माझ्या तोंडून कळायला हवं होतं मला. म्हणून थांबले.

आक्काबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं, तिच्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. शेजारच्या बाईकडे बघितलं, ती खाली बघत होती. मग तिने मला पुन्हा एकदा सांगायला सांगितलं. मी पुन्हा सांगितलं.

कुसुम